कराडला जमल्या विद्यार्थी शाखा

आज दिवसभर कराडात होतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या आय-ट्रिपल-ई (IEEE, इंजिनिअरांची जागतिक संघटना) विद्यार्थी शाखांची पोरं पहिल्यांदाच एकत्र बसली. कागदावर आपण सगळे संघटनेच्या रीजन १० मध्ये, म्हणजे आशिया-पॅसिफिक विभागात, जपान-ऑस्ट्रेलियाच्या सोबत. पण शेजारच्या तालुक्यातली शाखा काय करते, हे कुणालाच माहीत नव्हतं!

खरी अडचण कॅलेंडरची आहे. सभासदत्व संपतं ३१ डिसेंबरला, पोरं पास होऊन जातात मे-जूनमध्ये. अध्यक्ष गेला की पासवर्ड, ओळखी, हिशेब सगळंच त्याच्याबरोबर जातं आणि नवी टीम शून्यापासून सुरुवात करते. म्हणून ठरलं, प्रत्येक शाखेत सेकंड इयरचा एक तरी जण पदाधिकाऱ्यांबरोबर कामाला लावायचा.

दुसरं, वक्ते वाटून घ्यायचे. पुण्याहून कुणी आलं तर सकाळी सातारा, दुपारी कराड, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. हायवे एकच आहे की!

एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या लॅबमधले ऑसिलोस्कोप सुट्टीत नुसते पडून असतात. बाकीच्यांनी या ना वापरायला." हे ऐकून फार बरं वाटलं. निधीपेक्षा मला ही वृत्ती मोठी वाटते.

पुढची बैठक सांगलीला. ज्या कॉलेजात शाखा नाही, तिथल्या मुलांनीही नक्की या.