पहाटे साडेचारचं पाणी

मी नागपूरची, पाणी तपासायचं काम करते. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दोन महिने काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीत होते, गोदावरी जिथं बंगालच्या उपसागराला मिळते तिथं. पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी भरती-ओहोटीचं टाइमटेबल हातात दिलं आणि सांगितलं की बाटलीवर वेळ लिहिल्याशिवाय डोळ्यासमोरून हलवायची नाही, कारण खाडीत सकाळी आठचं पाणी वेगळं आणि दुपारी दोनचं वेगळं, खारटपणा बदलतो, गाळ बदलतो, त्यातले जीवसुद्धा बदलतात. ते मी पाठच करून टाकलं होतं. आणि नागपूरला परत आल्यावर पार विसरले.

इकडं प्रोजेक्ट मिळाला तो आंभोऱ्याचा. नाग नदी लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, शहराचं सांडपाणी घेऊन पुढं कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. खाली गोसीखुर्द धरण असल्यामुळं तिथं नदी वाहत नाही, तुंबून राहते. पुढं वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे नागपुरातल्या नंदनवनच्या पुलाखालून जाणारं ते काळं पाणी आणि कोरिंगाची खारफुटी एकाच पाणलोटातले, हे मला नकाशावर माहीत होतं, पण तेवढंच.

आम्ही महिन्यातून एकदा सकाळी नागपूरहून निघायचो, कुहीवरून आंभोऱ्याला पोचेपर्यंत अकरा वाजायचे, डोंग्यातून सॅम्पल घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये परत. विरघळलेला ऑक्सिजन नेहमी छान यायचा, लिटरला दहा-अकरा मिलिग्रॅम. माशांसाठी चार पुरतो, त्यामुळं रिपोर्टमध्ये आम्ही बिनधास्त लिहायचो की मत्स्यजीवनासाठी स्थिती समाधानकारक.

डोंगा चालवणारे ढिवर काका एरवी फार बोलत नसत. मे महिन्यात एकदा माझं लिहिणं बघून म्हणाले, "म्याडम, तुमी दुपारी येता, पानी पायता अन् जाता. मासे पहाटंले मरते." मी विचारलं कोणते मासे, तर म्हणाले रोहू, कतला सगळे, एक मरळ तेवढी वाचते. ते ऐकून माझ्या डोक्यात लख्ख झालं, कारण मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, तिचं पाण्यातल्या ऑक्सिजनवाचून अडत नाही. हा माणूस मला पूर्ण निदान सांगून राह्यला होता आणि मी आकडे लिहीत बसले होते.

पुढच्याच आठवड्यात मी आणि आमच्या लॅबमधला एक मुलगा रात्री तिथं थांबलो. ढग होते, वारा अजिबात नाही, इकॉर्नियाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, पट्ट्यातून डोंगा ढकलत काकांनी आम्हाला नेहमीच्या जागी नेलं. रात्री दहाला ऑक्सिजनचा मीटर सात दाखवत होता, एकला साडेतीन, तीनला दीड. चारनंतर आजूबाजूला चुपचुप आवाज यायला लागला, मला वाटलं पावसाचे थेंब पडून राह्यले. काकांनी टॉर्च मारला तर सगळीकडं माशांची तोंडं, पाण्याच्या अगदी वरच्या थराला लावून आ करत होती. काही आडवे झाले होते. मीटरवर विश्वास बसेना म्हणून ऑक्सिजन रसायनांनी तपासायची जुनी विंकलर पद्धत केली, बाटलीत मँगनस सल्फेट आणि आयोडाइड घातलं. ऑक्सिजन असला की यात गुळासारखा तपकिरी साका येतो, दरवेळी तोच बघायची सवय. त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात साका पांढरा आला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच. ते बघून आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही.

झालं होतं ते असं की सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस तुंबलेल्या पाण्यात शेवाळाला खत मिळाल्यासारखा मिळतो, दिवसा ऊन असलं की हे शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं, आणि रात्री ते स्वतः आणि तळाचा सडका गाळ तोच ऑक्सिजन ओढून घेतात. खरं म्हणजे दुपारच्या अकरा मिलिग्रॅमनंच आम्हाला जागं करायला पाहिजे होतं, कारण तीस डिग्रीच्या पाण्यात साधारण साडेसातच मावतो. जास्त येतोय म्हणजे पाणी आजारी आहे, आणि आम्ही त्यालाच तब्येत छान म्हणत होतो. याची मला अजून खंत वाटते, कारण त्या रिपोर्टांवर कुणीतरी सही करून पुढं पाठवलं असेल.

उजाडेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. काका सांगत होते की त्यांच्या वडिलांच्या जाळ्यात वितभर झिंगे लागायचे. गोदावरीचा मोठा झिंगा असतो त्याची पिल्लं खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग नदीत वर चढतात. वाटेत धवलेश्वरमचा 1852 चा बंधारा, नंतरची धरणं, आणि एवढं सगळं पार करून कुणी इथवर आलंच तर पहाटे साडेचारचं हे पाणी. कोरिंगात चिखलात उभं राहून मी हीच बारीक पिल्लं जाळीतून मोजली होती.

साडेनऊला मीटर पुन्हा चारवर आला, दुपारी बाराला दहावर. तोंडं वर काढणारे मासे कुठंच दिसेनात, पाणी हिरवं, शांत. दुपारी आलेल्या माणसाला काही कळलंच नसतं.

नागपूरला येऊन मी सगळ्यात आधी दोन वर्षांचं रजिस्टर काढलं आणि प्रत्येक नोंदीपुढं वेळ लिहीत गेले, 11:40, 12:15, 11:50. सकाळी दहाच्या आधीची एकही नव्हती. पुढच्या फेरीसमोर पहाटे चार लिहिलं आणि काकांना फोन केला, डोंगा तयार ठेवा म्हणून. ते म्हणाले, "हाव, ढग असतील त्या दिवशी या."