लोणच्याची बरणी आणि टाउन्सविलचे रक्षण

दिवसभर दमून आल्यावर मला गंभीर सुपरहिरो सोसवत नाहीत. पावसात भिजत उंच इमारतीच्या कठड्यावर उभे, नजर खालच्या शहरावर, खांद्यावर जगाचं ओझं आणि वर लहानपणीचं एखादं न सरणारं दुःख. अरे बाबा, तुला उडता येतं ना? मग जरा मजेत उडून तरी घे! अशा वेळी मी मुकाट्याने 'पॉवरपफ गर्ल्स' या कार्टून मालिकेतली, तीन चिमुरड्या सुपरहिरो बहिणींची एक गोष्ट लावते. जेमतेम अकरा मिनिटांचा खेळ. तेवढ्यात राक्षस येतो, चार इमारती पाडतो, यथेच्छ मार खातो आणि मुली झोपायच्या वेळेला घरी!

क्रेग मॅक्रॅकनची ही मालिका १९९८ साली सुरू झाली. प्रोफेसर युटोनियमला एक गुणी मुलगी घडवायची होती. साखर, मसाला आणि जे जे काही छान ते सगळं त्याने भांड्यात घातलं, पण त्यात चुकून केमिकल एक्स नावाचं अजब रसायनही सांडलं आणि एकीच्या जागी तिघी जन्मल्या. ब्लॉसम शहाणी, बबल्स गोड आणि रडवी, बटरकप भांडकुदळ. गंमत म्हणजे केमिकल एक्सची बाटली फुटली ती प्रयोगशाळेतल्या जोजो नावाच्या खोडकर चिंपांझीने धक्का दिल्यामुळे. त्याच स्फोटात त्याचा मेंदू फुगला आणि तो मोजो जोजो झाला, मुलींचा कट्टर शत्रू. म्हणजे तसं पाहिलं तर त्यांच्या जन्माला तोही निम्मा कारणीभूत.

हा मोजो माझा फार लाडका. जग जिंकायचा बेत त्याच्याकडे कायम तयार, पण तो सांगायला लागला की एकच गोष्ट आधी सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ. समोरच्याला कळलं असेल यावर त्याचा विश्वासच नाही. तेवढ्या वेळात एखादं छोटं राज्य सहज जिंकून झालं असतं. (प्रत्येक बैठकीत असा एक मोजो असतोच, फक्त त्याच्या डोक्यावर पगडी नसते.)

आणि टाउन्सविलचे, म्हणजे या मुलींच्या शहराचे महापौर! मुलींना बोलवायला त्यांच्याकडे खास फोन आहे. तो खणखणला की तिघी हातातलं काम टाकून भिंत नाहीतर छप्पर फोडून निघतात, आणि पोचल्यावर कळतं, महापौरांना लोणच्याची बरणी उघडत नाहीये. मुली उघडून देतात. इमारत उचलणारे हात बरणीचं झाकणही तितक्याच तत्परतेने फिरवतात, यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. हातांना बोटं काढलेलीच नाहीत, तरीही. मला ही मालिका इतकी का आवडते, असं कुणी विचारलं तर मी ही बरणीच पुढे करीन. इथे ताकद म्हणजे शाप नाही, तपश्चर्या नाही. घरातल्या उंच माणसाने वरच्या फळीवरचा डबा काढून द्यावा तशी ती वापरायची गोष्ट आहे. वापरून झाली की पुन्हा बालवाडीत जायचं, बहिणींशी भांडायचं, प्रोफेसरांचं ऐकायचं.

एका भागात बटरकप खट्टू होते. ब्लॉसम फुंकरीने बर्फ करते, बबल्स प्राण्यांशी बोलते, आपल्याकडे वेगळं असं काहीच नाही. ती नाही नाही ते करून बघते. एखाद्या भारदस्त सिनेमात इथे वादळ झालं असतं, भूतकाळ उलगडला असता. इथे शेवटी कळतं की तिला जीभ गुंडाळता येते आणि बाकी दोघींना ती येत नाही. बस्स. तेवढ्यावर ती खूश.

तो भाग संपल्यावर मी आरशासमोर उभी राहून पाच मिनिटं जीभ गुंडाळायचा प्रयत्न केला. जमलं नाही.