क्वार्टरचं गणित

कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हा पिणारा माणूस मला आधी कागदावर दिसायचा. यकृताच्या तपासण्यांत जीजीटी वाढलेला, एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट, रक्तातल्या लाल पेशी फुगलेल्या. तोंडाने मात्र, "कधीतरी घेतो मॅडम, पार्टीला." रिपोर्टवर सही डॉक्टरांची, आपण गप्प बसायचं. आता व्यसनमुक्ती समुपदेशनाचा कोर्स करतेय, आणि "किती पिता?" हे विचारणं हेच काम झालंय.

विचारायचंही शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण 40. आठ किंवा जास्त झाले की पिणं धोक्याचं धरायचं. त्यात पिण्याच्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स होतात, असा एक प्रश्न आहे, आणि गाडं तिथेच अडतं. 10 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक असं धरलं, तर आपल्याकडच्या व्हिस्कीचा तो 30 मिलीचा पेग. तुर्भ्याच्या मार्केटमधला माथाडी पेग कशाला मोजेल? तो म्हणतो, "जास्त नाय ताई, एक क्वार्टर." 180 मिली, म्हणजे सहा ड्रिंक्स झाली. आयटीवाल्याचे "दोनच पेग" बहुधा साठ-साठचे असतात, म्हणजे चार. घरी स्वतःच ओतत असेल तर देव जाणे. म्हणून आमच्या सीनियर मॅडम पेगच्या भानगडीत पडतच नाहीत. "बाटली किती दिवस पुरते?" एवढंच विचारतात. कपाळावर आठी नाही, 'अरे बापरे' नाही. बहुतेक वेळा खरा आकडा तिथेच बाहेर येतो.

वर्गात आम्ही एकमेकांवर सराव करतो. पेशंट झालेला प्रत्येक जण सिनेमातल्यासारखा झोकांड्या खातो आणि समुपदेशक झालेला दोन मिनिटांत कीर्तनाला लागतो. खरे पेशंट दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात. कीर्तन त्यांनी घरी भरपूर ऐकलेलं असतं.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: शेवटची कधी घेतली? रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप. यात जीवही जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, नाटकं करतोय. कुणी खोलीत कोंडतं, कुणी आईची शपथ घालतं, कुणी पंढरपूरला नेऊन माळ घालतं. माळेने सुटलेली माणसं आहेत, माझा एक मामाच आहे, त्यामुळे मी माळेला हसत नाही. पण माळेने फिट थांबत नाही. आधी डॉक्टर, औषधं, ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. गप्पा नंतर.

आणि बायका. (तपशील बदललेत.) ऐरोलीहून आलेल्या एका वहिनींनी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. शेजारणीने दिलेली, डायसल्फिराम. "चहातून देऊ का? त्यांना कळणार नाही." ही गोळी दारूचं शरीरात पुढे होणारं विघटन अडवते. ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं, तोंड लाल होतं, उलट्या होतात, धडधडतं, रक्तदाब घसरतो. माहीत असलेला माणूस त्या भीतीने ग्लासाला हात लावत नाही, औषधाचा सगळा उपयोग तोच. नकळत दिली तर तो नेहमीसारखा पिणार आणि थेट आयसीयूत. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा प्रकार होऊ शकतो. मॅडमनी हे सगळं सावकाश सांगितलं, रागावल्या नाहीत. बाई वर्षानुवर्षं एकटी लढतेय, तिला गोळी लपवावीशी वाटली यात नवल काय?

"मग मी काय करू?"

मॅडमनी 14446 हा मोफत हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला आणि शनिवारी कुटुंबीयांच्या गटाला या म्हणाल्या.

"म्हणजे प्यायची त्यांनी आणि क्लास मी लावायचा?"

मला यावर उत्तर सुचलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हो, अन्यायच आहे. तरी या." वहिनी शनिवारी आल्या. सोबत सासूबाईही होत्या, आणि पहिला अर्धा तास त्या दोघीच भांडत होत्या.