चोर्ला घाट, आठ बिटांत

गोव्यात पायलटची, म्हणजे भाडं घेऊन मागे बसवून नेणाऱ्याची, मोटरसायकल काळी-पिवळी असते. फॅमिकॉम या निंटेंडोच्या जुन्या गेम मशीनवर एका स्प्राइटला, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला, तीनच रंग मिळतात, चौथा पारदर्शक. काळा, पिवळा आणि शर्टासाठी पांढरा, एवढ्यात आमचा पायलट नेमका बसतो. पहिली आठ बाय आठची चित्रं जोडून तो टीव्हीवर उभा राहिला, तेव्हाच ठरवलं की गेम पुरा करायचा. साखळी-केरीहून चोर्ला घाट चढणारा पायलट, समोरून कदंबची बस, पुढे खनिजाचा ट्रक.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आले ते बहुतेक त्याचे क्लोन, म्हणजे नकला. आम्ही त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, आणि त्यात साठ पिनांची कॅसेट घालायची. माझ्याकडचं मशीन त्यातलंच. कामाला फक्त दोन किलोबाइट रॅम, आणि साध्यात साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामला ३२ किलोबाइट, चित्रांना ८ किलोबाइट. मी मुद्दाम हीच साधी कॅसेट धरली. जास्तीची चिप लावली असती तर काम सोपं झालं असतं, पण मला जुन्या कॅसेटच्या बोर्डावर चालणारा गेम हवा होता.

वरून दिसणारा सरळ रस्ता करणं तसं सोपं. घाट मात्र समोरून दिसायला हवा आणि वळायला हवा. या मशीनला रस्ता वाकवता येत नाही, फक्त पार्श्वभूमी आडवी सरकवता येते. म्हणून सरळ रस्त्याचं चित्र एकदाच काढायचं, आणि टीव्हीवर प्रत्येक आडवी ओळ उमटताना ती थोडी थोडी वेगळी सरकवायची. लांबची ओळ जास्त, जवळची कमी. नीट जमलं की डोळ्याला वळण दिसतं.

पण ओळ सरकवायला सवड मिळते ती एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत, म्हणजे प्रोसेसरच्या साधारण २८ सायकल (त्याच्या घड्याळाचे ठोके). पूर्ण ओळीला ११३ आणि दोन तृतीयांश सायकल लागतात. प्रोसेसरला अर्धी-पाव सायकल मोजता येत नाही, म्हणून माझा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा) दोन ओळींना ११४ आणि तिसरीला ११३ सायकल घेतो. रस्त्याच्या शंभरेक ओळी उमटेपर्यंत प्रोसेसर दुसरं काहीच करत नाही, फक्त मोजत राहतो. सुरुवात कुठून करायची ते क्षितिजावर ठेवलेला शून्य क्रमांकाचा स्प्राइट सांगतो.

इथे सगळ्यात जास्त दिवस गेले. रस्ता सुरेख वळत होता, आणि आवाजाच्या कोडमध्ये थोडी भर घातली की तळाशी फाटायचा. रस्त्याच्या कोडला तर हातही लावलेला नव्हता. मेसेन या एम्युलेटरच्या (संगणकावर या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) डीबगरमध्ये एकेक सूचना पुढे नेत पाहिली तेव्हा उलगडा झाला. ६५०२ जातीच्या प्रोसेसरमध्ये मागे उडी मारताना २५६ बाइटांच्या पानाची सीमा ओलांडली, तर एक सायकल जादा लागते. वरचं कोड वाढलं की माझा लूप खाली ढकलला जाई आणि नेमका सीमेवर येई. ओळीमागे एक सायकल, म्हणजे शंभर ओळींत जवळजवळ एका पूर्ण ओळीचा घोळ. लूप पानाच्या सुरुवातीलाच बसवण्याची एक सूचना असेंबलरला (माझं कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला) दिली, आणि रस्ता पुन्हा फाटला नाही. हे कळलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून वळण दाखवलं.

दुसरी मर्यादा स्प्राइटची. एका ओळीवर आठच स्प्राइट दिसतात, नववा गायब होतो. बस जवळ आली की रुंदीला सहा लागतात, पायलटला दोन. हिशोब पुरा! म्हणून माझ्या घाटात बसच्या बरोबरीने दुसरं वाहन कधीच येत नाही. चोर्ल्याच्या अरुंद वळणांवर ते खरंही वाटतं.

इथल्या कोणाला असं काही करायचं असेल तर एक सांगतो. एम्युलेटर आधी क्लोनच्या सेटिंगवर आणा. अमेरिकन मशीन सेकंदाला साठ चित्रं दाखवतं, आपले क्लोन पन्नास. साठच्या मापाने लिहिलेला गेम आपल्या टीव्हीवर रेंगाळतो आणि संगीतही संथ होतं. माझे वेगाचे सगळे आकडे पन्नाससाठीच आहेत. त्यातून फायदाही झाला. या क्लोनवर ओळीचा वेळ अमेरिकन मशीनइतकाच, पण एका चित्राला २६२ ऐवजी ३१२ ओळी. त्या जादा पन्नास ओळींच्या वेळात मी पुढच्या वळणाचं गणित उरकतो.

कॅसेट बनवायला जुनी, बिघडलेली कॅसेट घेतली. तिच्या चिपा काढून एकीच्या जागी २७सी२५६ आणि दुसरीच्या जागी २७सी६४ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा) बसवल्या. पिनांची जुळणी वेगळी असल्याने काही तारा फिरवाव्या लागल्या. डाग देण्याचं बारीक काम डिचोलीच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी केलं. "कोणता गेम रे बाबा हा?" त्यांनी विचारलं. "आपल्या चोर्ल्याचा," म्हटल्यावर भिंग बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच कंट्रोलर हातात घेतला. ईप्रॉमच्या काचेवर अपारदर्शक पट्टी लावायला विसरू नका, उन्हाने आतला मजकूर पुसला जाऊ शकतो. आणि पावसाळ्यात पिनांवर गंज धरतो. फुंकर मारू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

चवथीला भाचरं जमली तेव्हा कॅसेट दिवसभर चालू होती. धाकटीने तक्रार केली, "मामा, धरण कुठाय?" बरोबर होतं तिचं. घाट चढताना अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, आणि माझ्या क्षितिजावर नुसते डोंगर होते. चित्रांच्या ८ किलोबाइटांतली थोडी जागा अजून शिल्लक आहे, सध्या त्यात ते पाणी बसवतोय.