गल्ल्यातली तूट

कॅलिफोर्नियात मी एका मोफत कायदा-सल्ला केंद्रात काम करते. बेकारी भत्ता नाकारला गेलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यातल्या एका काकू माझ्या मनातून जात नाहीत.

त्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या. हिशेबात तूट आली म्हणून त्यांना काढलं. मालकानं कारण कळवलं ‘गैरवर्तन’, त्यामुळे भत्ताही नाकारला गेला. “जाऊ दे गं,” काकू म्हणाल्या, “सरकारचे फुकटचे पैसे कशाला हवेत?”

मला राहवेना. अहो, हा विमा आहे! त्याचा कर मालक भरतो, इथे कामगाराच्या पगारातून त्यासाठी काहीच कापत नाहीत. ज्याच्याकडची माणसं जास्त भत्ता घेतात, त्या मालकाचा कराचा दर चढू शकतो. काही मालक अशा अर्जांना एवढा विरोध करतात, त्याचं एक कारण हेच.

नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून अपिलाला ३० दिवस मिळतात. ते आम्ही वेळेत केलं. काकू मात्र ‘अजून काम मिळालेलं नाही’ हे कळवायला दर दोन आठवड्यांनी भरायचा फॉर्म बंद करणार होत्या. भत्ताच नाही तर फॉर्म कशाला, असं बहुतेकांना वाटतं. पण अपील जिंकलं तरी ज्या आठवड्यांचा फॉर्म भरलेला असतो, त्यांचेच पैसे मिळतात. मी त्यांना समोर बसवून तो भरायला लावला.

सुनावणी फोनवर झाली. सगळ्यांना शपथ दिली गेली. गैरवर्तन सिद्ध करायचं ते मालकानं, आणि प्रामाणिक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. मॅनेजरनं कागद वाचून दाखवला. न्यायाधीशांनी विचारलं, “रोकड मोजली कुणी?”

“दुसऱ्या एका कर्मचाऱ्यानं.”

“तो आज साक्षीला आहे?”

“नाही.”

“या जेवायला गेल्या की गल्ल्यावर कोण बसायचं?”

मॅनेजर थांबला. “जो मोकळा असेल तो.”

काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. आपली पाळी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की तूट कशी आली ते मला माहीत नाही, पैसे मी घेतले नाहीत.

निकाल नंतर टपालानं आला, काकूंच्या बाजूनं. भरलेल्या सगळ्या आठवड्यांची थकबाकी जमा झाली. आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर ही इथली मर्यादा, आणि इथल्या घरभाड्यापुढे ती फार तोकडी आहे. तरी काकूंचं थकलेलं भाडं त्यातून फिटलं.

मग त्यांनी फोन करून विचारलं, “यावर टॅक्स लागतो का गं?” केंद्र सरकारचा लागतो, कॅलिफोर्निया राज्याचा नाही. पुढच्या हप्त्यांतून दहा टक्के आधीच कापून घ्यायची सोय असते, ती आम्ही त्याच दिवशी लावून टाकली.