पेठेतल्या शाळेचा इतिहास जनरल रजिस्टरात सापडतो

कोल्हापुरात शिवाजी पेठ असो की मंगळवार पेठ, महापालिकेच्या शाळेचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक आधी कोनशिला वाचतात. तिच्यावर इमारतीचं वर्ष असतं. त्याआधी शाळा कुणाच्या वाड्यात नाहीतर देवळाच्या ओवरीत भरत असू शकते. म्हणून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, बघायला मागावं.

शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत घ्यायचा हुकूम निघाला. हा हुकूम आपल्या पेठेत खरोखर उतरला का, हे रजिस्टरच सांगतं. जातीचा रकाना आणि प्रवेशाची तारीख ओळीनं वाचत जावी. इतकी मोलाची नोंद दुसरीकडं क्वचितच मिळते.

शाळा सोडल्याचं कारणही उतरवून घ्यावं. ‘गैरहजर’, ‘परगावी गेला’ असे दोन-तीन शब्दच असतात, पण एकाच वर्षात तेच कारण वीसदा आलं, तर त्या साली पेठेत काय झालं ते शोधायलाच हवं.

फसगत नेहमीच्या जागी होते. 1 जून ही जन्मतारीख ढिगानं दिसते. तारीख माहीत नसली की गुरुजी तीच घालत. कुमार आणि कन्या शाळा पुढं एकत्र झाल्या असतील, तर एकाच नंबरचे दोन विद्यार्थी निघतात. तेव्हा नंबरापुढं जुन्या शाळेचं नाव लिहावं. साल शालिवाहन शकाचं असेल, तर इसवी सनासाठी 78 मिळवावेत. जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखेला 79. जुनी पानं मोडी लिपीत असली, तर अंदाजानं न वाचता जाणकाराला दाखवावीत. शिक्क्याचाही उपयोग होतो: नगरपालिका 1854 ची, महापालिका 15 डिसेंबर 1972 पासूनची. ‘महानगरपालिका’ असा शिक्का त्याआधी मारलेला असू शकत नाही.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढावेत. कडेला नंबराची चिठ्ठी ठेवावी, नाहीतर शंभर पानांनंतर कुठलं पान कुठल्या रजिस्टराचं हे कळत नाही. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. डिंक पिवळा पडून शाई खातो. नावं आणि जाती असलेली पानं मोबाइलवर फिरवू नयेत. त्या घरांतली नातवंडं अजून याच पेठेत राहतात.