आमची वाटचाल : उभ्या पात्याचा रंधा

आमचा मूळ धंदा दारं-खिडक्यांचा. अण्णांनी पंचवटीत नदीच्या बाजूला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सुरू केला, तेव्हा नाशकात नवं घर म्हटलं की सागवानी चौकट हे ठरलेलंच असायचं. मग ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, फ्लश डोअर आलं, उरलंसुरलं काम प्लायवूड आणि सनमायकाने नेलं. त्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन कारागीर गेले, एक मशीन विकलं आणि मी सातपूरला कारखान्यात नोकरी धरली.

परत आलो तो जुन्या लाकडापायी. गावठाणात एकेक वाडा उतरवला जात होता आणि त्यातल्या तुळया, खांब, तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) फळ्या वखारीत येऊन पडत होत्या. सागवान असं, की वरची काजळी आणि धूळ तासली की आतून मधाचा रंग. शिसमाचेही काही तुकडे मिळाले. ठरवलं, याची जेवणाची टेबलं करायची.

पहिलं टेबल सात फूट बाय तीन फूट. चार फळ्या सांधल्या आणि रंधा घेऊन बसलो. एका फळीची रेषा, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, इकडे, शेजारच्या फळीची तिकडे. शिसमात तर एकाच फळीत बोटभर अंतरावर रेषा उलटते. एका बाजूने रंधा मारला की अर्धी जागा आरशासारखी आणि उरलेल्या अर्ध्या जागेत खपल्या उचकटलेल्या. बाजू बदलली की खपल्यांनी जागा बदलली. पात्याला धार लावली, पातं केसभर आत घेतलं, काहीच फरक नाही. फळी एकसारख्या जाडीची तासणाऱ्या थिकनेस मशीनवर घालायची भीती, कारण जुन्या लाकडात खिळा कुठे दडलाय सांगता येत नाही. घासायचं मशीन, बेल्ट सँडर, फिरवला तर उजेडात लाटा दिसायला लागल्या.

अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, तो दातेरी काढ ना पेटीतला."

पेटीच्या तळाशी आठेक इंचांचा एक ठेंगणा लाकडी रंधा होता. मुंबईत काम शिकताना त्यांनी तो त्यांच्या उस्तादांकडून घेतलेला. लहानपणी मला तो बिघडलेला वाटायचा, कारण त्याचं पातं तिरकं नाही, जवळजवळ उभं. साध्या रंध्यात पातं ४५ अंशांच्या आसपास कललेलं असतं, यात ८० ते ८५ अंशांवर. पात्याच्या पुढच्या अंगावर वरून खालपर्यंत बारीक खाचा, त्यामुळे धारेला कंगव्यासारखे दाते, इंचाला साधारण पंचवीस. अण्णा तो व्हिनियरच्या, म्हणजे फळीवर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायच्या, कामाला वापरायचे. खालची फळी खरबरीत केली म्हणजे सरस पकड घेतो, असं त्यांचं म्हणणं. (यावर आमचं अजून जमत नाही. मला वाटतं खरा फायदा फळी सपाट होण्याचा. आजच्या फेविकॉलला तर गुळगुळीत आणि सपाट सांधाच मानवतो.)

अण्णांनी उठून स्वतः हात फिरवून दाखवला. रेषेच्या दिशेने नाही, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका. सगळी फळी एका तिरप्या दिशेने झाली की मग उलट्या तिरप्या दिशेने. रंध्यातून ढलपी निघत नाही, शेवयांचा चुरा पडावा तसा पडतो. खपली मात्र एकही नाही. कारण सोपं आहे. साधं पातं दोन इंच रुंदीची साल एकदम उचलतं, ती साल पुढचं लाकूड ओढत नेते आणि खपली खोल जाते. दातेरी पात्याचा एकेक दात दोऱ्याएवढीच वाट काढतो, आणि पातं उभं असल्याने उचलण्यापेक्षा खरवडतो जास्त. दुसरा फायदा हाताखाली आल्यावर कळला. जिथे ओरखडे उमटले नाहीत ती जागा खोल. वेगळी पट्टी लावून बघायला नको, लाकूड स्वतःच सांगतं. सगळीकडे सारखी जाळी उमटली की फळी सपाट. मग स्क्रॅपरने, म्हणजे खरवडायच्या पातळ पोलादी पत्र्याने, ती जाळी पुसायची.

ही पुसायची पायरी आम्हाला एकदा महागात पडली. एका हॉटेलची आठ टेबलं होती. तारीख जवळ आलेली, स्क्रॅपर घाईत फिरवला, पॉलिश पेपर मारला, गडद रंग देऊन पॉलिश केलं. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली झकास दिसलं. हॉटेलात पश्चिमेची मोठी काच. संध्याकाळी आडवं ऊन पडलं आणि आठही टेबलांवर तिरप्या रेघांचं जाळं, रंग त्या ओरखड्यांतच जाऊन बसलेला. मालकांनी टेबलं परत पाठवली. चूक आमचीच होती. पॉलिश उतरवून सगळं पुन्हा केलं, वाहतूक पदरची. तेव्हापासून पॉलिशआधी शेडमधले दिवे बंद करून टॉर्च फळीवर आडवी ठेवून बघतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा पाणी शेडमध्ये शिरलं. नाशिककर पाण्याचा अंदाज गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतो, पण त्या दिवशी पाणी कुठवर आलंय बघायला थांबलोच नाही. मशीनच्या मोटारी काढल्या, लाकूड वर चढवलं, हत्यारांची पेटी राहिली. तीन दिवसांनी चिखलातून ती काढली तर दातेरी रंध्याचं लाकूड फुगलेलं, पातं धरून ठेवणारी पाचर घट्ट बसलेली, खाचांत गंज. तो रंधा नीट करता करता त्याची खरी ओळख झाली.

आधी महिनाभर सावलीत वाळवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता. गंज रॉकेल आणि पितळी ब्रशने काढला. तळाला पीळ पडला होता. काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या आणि रेघा जाईपर्यंत घासला, शेवटी १२० नंबर. घासताना पातं आत ओढून पाचर ठोकलेलीच ठेवायची. पाचरीच्या ताणाने अंग किंचित बदलतं, आणि रंधा काम करतो तो त्याच ताणात.

तरीही तो थरथरायचा आणि फळीवर पट्टे पाडायचा. तात्या, आमचे जुने मिस्त्री, म्हणाले, "मालक, पातं मागून टेकत नसेल." दिव्याची काजळी पात्याच्या पाठीला लावली, पातं बसवून काढलं. पातं मागून टेकतं त्या बैठकीवर फक्त वरच्या बाजूला काळे डाग, खाली धारेजवळ कोरं. उंच भाग पटाशीने कणाकणाने खरवडून काजळी सगळीकडे उमटेपर्यंत तेच केलं, तेव्हा कुठे थरथर गेली. पातं लावणं सोपं. रंधा उलटा धरून तळावरून नजर टाकायची, दात्यांची काळी रेघ जेमतेम दिसली पाहिजे. कमी पडलं तर पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, जास्त झालं तर रंध्याच्या मागच्या अंगावर.

मध्यंतरी एका तुळईत तुटका खिळा राहिला आणि दोन दाते उडाले. प्रत्येक हाताला फळीवर दोन बारीक वरंबे उठू लागले. मला वाटलं पातं गेलं. पण खाचा वरपर्यंत असल्याने धारेमागचा तिरका उतार घासत गेलं की नवे दाते आपोआप तयार होतात. दीडेक मिलिमीटर घासलं आणि पातं पूर्ववत. धार नेहमीच त्या उताराला लावायची, निसण्यावर (धारेच्या दगडावर). खाचांच्या अंगाला निसणा लावायचाच नाही. तिकडे वळलेली कड काढायला मऊ लाकडाच्या आडव्या टोकावर धार दोन-तीनदा टेकवली की पुरे. आता तुळई आत आली की आधी मेटल डिटेक्टर फिरतो.

हे सगळं नव्या पोराला सांगायचं माझ्याकडून राहिलं. आमच्याकडे आता तीन पोरं शिकतात. त्यातल्या एकाने, साध्या पात्याची पाठ घासून सपाट करतात हे बघून, दुसऱ्या एका दातेरी पात्याची तीच बाजू, म्हणजे खाचांची, बेल्ट सँडरवर चकचकीत केली आणि अभिमानाने दाखवायला आणली. दाते गायब. मी काही बोलायच्या आत तात्यांनी ते पातं रंध्यात बसवलं आणि ओरखडे पुसायला फळीवर फिरवलं. उभं पातं, सपाट धार, झकास खरवडलं. आता तो रंधा त्या पोराच्या बाकावर असतो आणि मोठ्या टेबलांवर स्क्रॅपरआधी तोच फिरतो. पोराने त्यावर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलंय.